चाळीस बादल्या

फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो: सामाजिक विकास.
दरवर्षी मी तो सगळ्यात मागून भरते,
खोटं म्हणता येणार नाही असं काहीतरी लिहून.

बाकीचं सरसर होतं.
गणित: डेलिया, अकरा पूर्ण.
मेपलचा चाळीस बादल्या रस आटवला की एक बादली पाक उरतो
हे तिनं पाठ केलेलं नाही,
तिच्या खांद्यांना ते ठाऊक आहे.
भाषा: ओरिन, आठ.
अजून अक्षरं आरशातली काढतो. शाळेत असता
तर एव्हाना त्याला एखादं नाव पडलं असतं.
इथे त्याला कुणी घाई करत नाही.
(कधी कधी वाटतं, कुणीतरी करायला हवी होती.)

हॅल्वर म्हणतो, लिही ना, रविवारी चर्च,
बुधवारी वाचनालय, आणि खालच्या शेतावरची ती जुळी.
एवढं म्हणतो आणि लाकडं फोडायला जातो.
तो स्वतः बारा वर्षं शाळेत गेला.
त्यातली त्याला आठवते ती व्यायामशाळेमागची एक खोली
आणि तिची बाहेरून लागलेली कडी.
त्या कडीपासून आमची शाळा सुरू झाली,
या टेबलावर, चिकट मेणकापडावर,
एका टोकाला भूगोल, एका टोकाला बटाट्याची सालं.

मग सोमवारी बस रुतली.
मार्चमध्ये इथे रस्ता रस्ता राहत नाही.
व्हरमाँटचा चिखल चाक गिळतो
आणि ढेकरही देत नाही.
सतरा मुलं आमच्या पाकाच्या शेडमध्ये आली, ऊब घ्यायला.
वाफ, ओल्या लोकरीचा वास, बूटच बूट,
आणि तो एकावर एक चढणारा गलका,
अर्धीच वाक्यं,
ज्यांचा उरलेला अर्धा सगळ्यांना आधीच माहीत असतो.

डेलिया झारा धरून उभी.
पाकाला तार कधी येते ते तिनं नीट समजावून सांगितलं,
पाहुण्या प्राध्यापकासारखं.
त्यांनी गप्प ऐकलं. मग कुणीतरी काहीतरी पुटपुटलं
आणि सगळी हसली.
तीही हसली, क्षणभर उशिरा,
आणि सगळ्यांचं थांबलं तरी तिचं एकटीचं चालूच राहिलं.
मी भट्टीत एक लाकूड सारलं.
मला दुसरं काय येतं?

बस निघाली तेव्हा चढली सोळाच.
सतरावा सरपणाच्या ढिगामागे सापडला, ओरिनशेजारी उकिडवा.
लायल त्याचं नाव. दोघं राखेत अक्षरं काढत होते.
दोघांचीही आरशातली.
"मी इथेच राहिलो तर चालेल?"
पाणी मागावं तितक्या सहज विचारलं त्यानं.
मी त्याच्या जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली,
हात धरून बसपर्यंत सोडलं.
आत तो कुणाच्याच शेजारी बसला नाही.

रात्री डेलिया म्हणाली,
"हसताना कधी थांबायचं, हे त्यांना कोण शिकवतं?"
आता हे मी कुठल्या पुस्तकात बघू?
तिला उशिरापर्यंत भट्टीजवळ बसू दिलं.
छपराच्या फटीतून वाफ चालली होती,
एकोणचाळीस बादल्या.
आम्ही तिला नुसतं पाणी म्हणतो.
तिच्यात काय काय होतं
ते कुणी चाखून पाहिलेलं नाही.

आज सात वाजून दहा मिनिटांनी
ती टपालपेटीपाशी उभी होती, माझे बूट घालून.
बसमध्ये चढायला नव्हे.
कशाला, ते मी विचारलं नाही.
बस आली, जरा हळू झाली,
मागच्या धुरकट काचेवर कुणीतरी बोटानं
एक अक्षर काढलं.
धावत येऊन तिनं सांगितलं,
"उलटं काढलं त्यानं, आई,
म्हणून मला बाहेरून सुलट दिसलं."

फॉर्म शुक्रवारपर्यंत पोचायला हवा.