शेवटचा नळ

जिभेखाली कॅमेरा धरायचा म्हणजे
पाण्यावर तळवा टेकवावा तसा धरायचा.
जरा दाबला
तर जे बघायला आलो तेच थांबतं
आणि नोंद होते पोराच्या नावावर.

पहाटे तीन दहा. ठाणे, चौथा मजला.
खाली घोडबंदरला कंटेनर गिअर बदलतायत.
खाट दोन : तन्मयी हरेश्वर मढवी, वय सहा.
गावित सिस्टरने लाळ टिपली,
ट्यूबची पट्टी गालावर जराशी सरकवली.
हाताच्या नखांचा जांभळा रंग परवाच पुसला, सेन्सरसाठी.
डाव्या पायाच्या करंगळीवर तेवढा आहे अजून.
"राहू दे मॅडम, उठल्यावर विचारेल."

पंप फिरतोय, मिनिटाला दोन लिटर.
मानेतून काळपट बाहेर, मानेतूनच लालभडक आत.
दाब बासष्ट. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव.
भिंतीवरचे आकडे
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलांसारखे शहाणे.
लॅक्टेट पाच.
ते काल दुपारपासून पाचच आहे.

पडद्यावर करडा गाळ, त्यात केसाहून बारीक वाटा,
एका वेळी एकच पेशी जाईल इतक्या अरुंद.
एका जागी वीस सेकंद. मग दुसरी जागा. अशा पाच.
पाचांतल्या तीन जागी ठिपके उभेच,
फाटक पडल्यासारखे.
मी हात उचलला, पुन्हा टेकवला, आणखी हलका.
माझ्याच हाताचा दोष निघावा
असं याआधी कधी मागितलं नव्हतं.

काचेपलीकडे तिचा बाप.
महापालिकेचा व्हॉल्व्हमन, दिव्याच्या लाइनवर.
मी शब्द जुळवत होते, सोपे, न घाबरवणारे.
त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला,
"म्हंजे मेन लाइनला प्रेशर हाय,
न शेवटच्या नलाला पानी नाय."

अकरा वर्षं शिकतेय मी हे.

"मंग मोटार वाढवा ना."
वाढवून पाहिली, म्हटलं.
वाढवली की जवळच्या वाटांनीच परत फिरतं.
"आमचे आगासनला पन तसाच.
खालच्या चाळी पयल्या भरतान.
वरची बाई हंडा घेऊन उबी.
आता तर ती बोंब पन मारत नाय."

चार वाजता दाबाचं औषध थोडं उतरवलं.
बासष्टाचे अठ्ठावन्न झाले.
सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.
बरोबर केलं की नाही, मला ठाऊक नव्हतं.
मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर त्याचा फोन वाजला. कुणी विचारत होतं,
पाणी कधी सोडणार.
"आज दुसरा मानूस हाय," तो म्हणाला,
मग फोन खिशात घालता घालता मला :
"नलाला आदी हवा येते मॅडम. खोकतो. मंग पानी."
इथे हवा आली तर काय होतं
हे मी त्याला सांगितलं नाही.

सहा चाळीस. पुन्हा जिभेखाली. चौथी जागा.
डावीकडच्या वाटेत एक ठिपका सरकला.
अडला.
मागून दुसरा आला, तेव्हा पहिला पुढे गेला.
वीस सेकंदांत सात मोजले,
बाकीच्या वाटा तशाच.
मनगट भरून आलं होतं, उचलवेना.

"आलं का?"
"थेंब थेंब. एकाच नळाला."

त्याने खिशातलं पेन काढलं,
वही घरी राहिली होती,
तळहातावर वेळ लिहिली.