अर्थिंगला पाणी

आमच्या घरात एक नियम होता :
कूलरला हात लावायचा तर चप्पल घालून.
चप्पल दाराशी नाही, कूलरपाशी ठेवलेली,
एकच जोड, नऊ नंबरची.
पोरगी तीत पाय घालून होडीसारखी सरकायची.
पिको-फॉलच्या मशीनवर बसले की
माझ्या बोटांना मुंग्या यायच्या.
मी म्हणायचे, वय झालं.
वय बेचाळीस.

मग एका दुपारी पोरगी चप्पल विसरली.
काही झालं नाही.
म्हणजे, फेकली गेली, उठली, हसली.
हसताना तिचे दात वाजत होते.

साडी घेताना आपण पदर उलटा करून बघतो,
काठ चुरगाळतो,
दोन दुकानं हिंडून पहिल्याच दुकानात परत येतो.
टरबूजसुद्धा वाजवून घेतो.
आणि भिंतीतली वीज ज्याच्या हाती द्यायची
त्याला नुसतं विचारतो, किती घेता?

पहिला आला बब्रुवान, भावजींच्या ओळखीचा.
दारातूनच आकडा सांगितला.
मी म्हणलं, लायसन बघू.
"ताई, मी काय ट्रक चालवूलालो का?"
मलाही हसू आलं. चहा पाजून पाठवला.

दुसऱ्यानं मोबाइलवर फोटो दाखवला.
बोटांनी मोठा करून बघितला :
नाव वेगळं, मिशी वेगळी.
"मामाचं हाय. एकच घर ना."
वायर तोच आणणार, दुकान तोच सांगणार,
आणि बिल कशाला, आपण काय परके आहोत का.
आपलेपणाचाही शॉक बसतो, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्याचं नाव शिवलीलाबाईंनी दिलं,
चौबाऱ्याच्या अलीकडं त्यांची पिठाची गिरणी.
दहा किलो ज्वारीचं निमित्त काढून
मी आधी तिथलाच बोर्ड चाचपला. गार.
"तीन वर्षं झाली," त्या पट्ट्याच्या आवाजावरून ओरडल्या,
"एकदा फेज गेला तर रातच्याला आले.
पैसे सकाळी मागितले."

मुस्तकीमभाई. सायकलला बांधलेली शिडी.
आल्या आल्या बोर्ड उघडला नाही.
"मेन कुठंय? अन् आधी कोण कोण हात लावलाय?"
लायसन मागताना माझीच जीभ अडखळली.
त्यांनी कॅरीबॅगेतून काढलं, रेशनकार्डाच्या घडीतून,
आणि मी मुदतीची तारीख शोधत होते तोवर
माझ्यासाठी बॅटरी धरून उभे राहिले.
"वाचा. निवांत वाचा."

मेन बंद केला. टेस्टर लावला.
बंद आहे हे दिसलं, तरी पुन्हा लावला.
माझं तिथंच ठरलं.

घरामागं, धुण्याच्या दगडाजवळ,
भेगाळलेल्या काळ्या मातीत गेलेली एक पट्टी.
मेन चालू करून त्यांनी होल्डरच्या दोन वायरी जोडल्या,
एक फेजला, एक त्या पट्टीला.
शंभरचा बल्ब लागला,
कावीळ झाल्यासारखा.
"एक बादली पाणी द्या."

टँकर येऊन सहा दिवस झाले होते.
मी टाकीकडं बघितलं, बल्बकडं बघितलं.
दिली.
माती आधी फसफसली, मग घटाघटा प्यायली,
आणि बल्ब
पिवळ्याचा पांढरा होत गेला.

"हे आजचं झालं," ते म्हणाले, "उद्या परत वाळंल.
खड्डा नवा घ्यावा लागंल. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी.
इन्व्हर्टरचं मागून बघू.
दुकान तुमच्या मनाचं."
मग कागद मांडीवर घेऊन लिहिलं :
इतके मीटर, इतक्या एमएमची, ईएलसीबी एक,
खाली मजुरी, सही, तारीख.
आकडा बब्रुवानच्या दुप्पट.
म्हणजे दीडशे साड्यांचे फॉल.
दोन दिवस मी तो कागद
उशीखाली घेऊन झोपले. मग फोन केला.

आता भाजी धुतलेलं पाणी मी साठवते,
दिवेलागणीला त्या खड्ड्यात ओतते.
शेजारीण भिंतीवरून वाकून विचारते,
"काय लावलंय गं? रोज पाणी घालतीस,
कोंब तर दिसंना."
आत कूलर चालू असतो.
पोरगी जाळीला नाक लावून, अनवाणी,
काहीबाही गाते,
आणि पात्यांच्या वाऱ्यात
नुसता तिचा आवाज थरथरतो.