चव

स्कॅलोवेच्या धक्क्यामागं, एप्रिलच्या वाऱ्यात
होडी ठोकळ्यांवर चढवलीय.
एकवीस फूट, फायबरग्लासची, नाव 'शाल्डर'.
पाण्यात कशी तरतरीत असायची;
इथं बुटकी दिसते, पोट सुटलेली.

गिबी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढतो, उलटा धरतो
आणि प्लास्टिकच्या मुठीनं ठोकत निघतो
नाळेपासून मागं, वीत-वीत,
दाराआडचं बोलणं ऐकावं तशी मान तिरपी.
टण. टण. टण.
डोलकाठीच्या बुडाशी
थप.
"ओस्ला, ऐकलंस?"
ऐकलं. भिजवलेल्या कणकेवर चापट मारल्यासारखं.
तो खडूनं एकेक थप जोडत जातो,
डेकवर हळूहळू एक बेट उमटतं.
ओल मोजायच्या यंत्राचा काटा
उजवीकडं जातो आणि तिथंच बसून राहतो.

मग आम्ही वाकून खाली.
कीलच्या कुशीवर तपकिरी ओघळ,
जुनेच, माझ्या ओळखीचे.
दर वसंतात लाउरी तेवढंच खरवडायचा,
पुट्टी भरायचा, वर लाल रंगाचे दोन हात,
आणि समुद्राला शिव्या: खालून घुसतो मेला.
बावीस वर्षं.
ऑगस्ट उजाडेपर्यंत ओघळ पुन्हा हजर.

"यात नीरम काय भरलंय?" गिबी विचारतो.
मला काय ठाऊक. लोखंड.
"बॉयलरच्या पत्र्यातून पडलेल्या चकत्या,
रेझिनमध्ये कालवून ओतलेल्या.
त्या वर्षी सगळे तेच ओतायचे. स्वस्त पडायचं."
भिंतीवरून तो तळवा फिरवतो.
"फुगलीय. गंजाला जागा लागते.
लोखंड होतं तेवढ्यात त्याचं भागत नाही."

सगळ्यात खालच्या जागी तो भोक पाडतो.
ड्रिलला आधी पांढरा भुसा,
मग काळा,
मग बराच वेळ काही नाही.
मी म्हणणार होते, कोरडीच आहे की,
तेवढ्यात एक धार आली, सुतळीएवढी,
कडक चहाच्या रंगाची,
व्हिनेगरचा आणि खिळ्यांच्या डब्याचा वास घेऊन.
मी मुरंब्याची रिकामी बरणी खाली धरली.

गिबीनं बोट बुडवलं, जिभेला लावलं.
बराच वेळ तोंड हलवत राहिला.
"मीठ नाही."
माझा विश्वास बसेना.
या बेटावर खिडकीच्या काचा खारट,
वाळत घातलेल्या चादरी खारट,
मेंढ्यांची लोकरसुद्धा चाटली तर खारट निघेल.
मीही बोट बुडवलं.
आंबट. लोखंडी. लहानपणी
तोंडात नाणं धरून हिंडायचे, तसं.
मीठ कुठंच नाही.

म्हणजे पाऊस.
म्हणजे वरून.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
तीही दर वर्षी, रंगाच्या दोन हातांनी.

आम्ही पुन्हा वर चढलो.
खडूच्या बेटाच्या मधोमध
कठड्याच्या खांबाचे चार स्क्रू.
गिबीनं एक काढला. खाली सील नव्हतं,
नुसतं भोक, आणि भोकात
डेकच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड,
चमच्यानं काढता येईल इतकं मऊ.
"हा कठडा नंतर लावलाय.
घाईत. कोणी?"

इंगा तीन वर्षांची होती.
धावायची. मीच म्हणाले होते, आजच्या आज लाव.
हे मी गिबीला सांगितलं नाही.
वारा फार आहे, म्हणाले.

तो हिशेब मांडत होता:
आतली फरशी कापायची, छिन्नीनं सगळं लोखंड उपसायचं,
तीनशे किलो, कदाचित जास्तच,
मग शिसं; आणि डेकचं वेगळं.
होडीच्या किमतीपेक्षा दुप्पट,
हे तो बोलला नाही, पेन्सिल नुसती थांबली.
"भोक उघडंच ठेवतो. गळू दे काय गळायचं ते."

बरणी मी कोटाच्या खिशात घातली, झाकण घट्ट लावून.
घरी लाउरी खिडकीशी बसला असेल,
नव्या खुब्याचा पाय स्टुलावर,
वाट बघत.
दार उघडायच्या आत विचारेल:
खारंच होतं ना?