भाषा: अज्ञात

दुबईत खाडीला खोर म्हणतात.
पहिल्या दिवशी मी हसले होते:
नदीचा पत्ता नाही, आणि खोर!

अब्राच्या धक्क्यामागे, दप्तरखान्याच्या तळघरात
बारमाही अठरा अंश. शाल पांघरून
मी जकातीची पानं स्कॅनरवर निजवते.
खजूर, काथ्या, घासलेट, मलबारी साग,
बुडालेली गलबतं, ज्यांचं भाडं तरी वसूल झालं.
शेहदाद खोके आणतो, टेकवताना बिस्मिल्ला म्हणतो,
आत कुणी झोपलंय जणू.

खोका दोनशे चौदा. वाळवीनं कुरतडलेला समास,
आणि त्याच्या कडेला एक लांब रेघ,
आधी ओढून घेतलेली,
मग तिला लोंबणारी अक्षरं, घाईची, हात न उचलता.
जुन्या नोंदीत: भाषा अज्ञात. बहुधा नक्षी.

मोडी.
मला वाचता येत नाही.
एवढंच कळतं, कुणी गुमास्ता
दुसऱ्याच्या हिशोबात आपलं काही लिहून गेला.
भाव असेल. शिवी असेल.
घरी धाडायच्या पत्राचा मायना असेल.

शम्साबाई खुर्ची ओढून बसल्या, चष्मा कपाळावर.
‘तुमची?’
‘आमची’ म्हणताना जीभ जराशी अडली.
‘नक्षी’ खोडलं. रकान्यात भरलं:
मराठी, मोडी. वाचायची राहिली.

माझा करार मार्चमध्ये संपतो.
त्याची प्रत कुठल्या खोक्यात जाते,
शेहदादला विचारलं.
‘तीन वर्षं ठेवतात. मग कापतात.’

आणि दोनशे पंधरा टेकवला.
बिस्मिल्ला.