पहिल्या चार ओळींतली माणसं

आर्थिक पुरवणीत मी सतरा वर्षं काढली.
नियम साधा होता : आधी माणूस, मग आकडा.
माणूस चार ओळींचा. नाव, वय, पेठ,
हातात काय आहे ते,
आणि त्याच्या तोंडचं एक वाक्य.
पाचव्या ओळीपासून सुताचे भाव, निर्यातीची टक्केवारी,
पुण्याहून फोनवर बोललेला कुणी तज्ज्ञ.
माणूस मागे उभाच,
चहाचा कप परत घ्यायला हात पुढे करून.

निवृत्तीनंतर कात्रणांची फाईल घेऊन
साखर पेठेत उतरलो.
फेब्रुवारी होता. गड्ड्याचे पाळणे
सुटे होऊन ट्रकवर चढत होते.

लक्ष्मीनरसू मेरगूचे सोळा माग, असं मी छापलं होतं.
"बारा," पुतण्या म्हणाला.
"आवाजावरून मोजले असणार तुम्ही."
बाराही किलोवर गेले.
शेडमध्ये आता मांडववाल्याच्या खुर्च्या,
एकात एक घुसवलेल्या, छतापर्यंत.
काका वर असतात. ऐकू कमी येतं,
तरी ढिला पंखा दुरुस्त करू देत नाहीत.
खडखडला नाही तर झोप लागत नाही त्यांना.

गणवेश शिवणारा तो पोरगा,
ज्याच्या फोटोखाली मी 'उद्याचा उद्योजक' लिहिलं,
त्याची दोघांनी दोन शहरं सांगितली.
तिसऱ्यानं विचारलं, कोण?

बालामणी येमूल सापडली,
कुंभारीकडच्या घरकुलात, मागच्या रांगेत.
"तुम्ही पेपरवाले की," म्हणाली.
कात्रण तिच्याकडेही होतं,
पीएफच्या पासबुकात दुमडलेलं,
घडीवर शाई गेलेली, नेमकी नावावरची.
वाक्य मात्र शाबूत :
'पान कमी देतात, विड्या पुऱ्या मागतात.'

"सोमवारी पेपर आला. मंगळवारी ब्रँचमध्ये
माझ्या दोनशे विड्या छाटल्या. बुधवारी तीनशे.
चेकर म्हणाला, पान पुरत नाही ना बाई,
मग ह्या आल्या कुठून?
आठ महिने असंच की.
मग सुनेच्या कार्डावर वळायला लागले, दुसऱ्या ब्रँचला.
माझ्या नावाचं तिथंच थांबलं."

बसचा नंबर बदलल्याचं सांगावं
तसं सांगितलं तिनं.
मी काहीतरी बोललो.
ते छापण्याच्या लायकीचं नव्हतं.

"वाक्य बरोबर लिहिलं तुम्ही. मीच बोलले होते.
वय चुकलं.
एक्केचाळीसची होते मी, पंचावन्न टाकलं.
आमचे हे किती हसले त्या दिवशी.
गल्लीत फिरून दाखवलं सगळ्यांना,
बघा, माझी बायको मला न विचारता म्हातारी झाली.
पुढं दोन वर्षांनी गेले ते.
म्हणून ठेवलंय हे. तुमच्यासाठी नाही."

बोलता बोलता तिच्या बोटांनी
माझं बसचं तिकीट उचललं, तिरपं गुंडाळलं,
नखानं टोक आत दाबलं,
आणि दुसरा हात सुपात दोरा शोधत राहिला.
सूप तिथे नव्हतं.

मी पेन काढलं.
म्हटलं, निदान वय तरी दुरुस्त करतो.
इतक्या वर्षांत कुठल्याच माणसासाठी
मी एक शब्द परत उघडला नव्हता.

तिनं कात्रणावर तळवा ठेवला.
मनातल्या मनात तेलुगूत काही मोजलं,
ओठ हलले तेवढंच दिसलं.
"राहू द्या," म्हणाली.
"गेल्या श्रावणात पंचावन्न झाली.
आता बरोबर आहे."