पान नसताना

दवाखान्यात म्हणाले, तंबाखूची धूळ बसलीय छातीत,
सकाळी झाडांत चालत जा.
म्हणून पौषात, गड्ड्याचे पाळणे उभे राहत होते तेव्हा,
मी वनविहारात जाऊ लागले
स्वेटरवरून पदर घेऊन.

तिथं कट्टीमनी बाई झाडं ओळखायला शिकवतात.
मी म्हटलं, आत्ता? पानं तर गळाली.
म्हणूनच आत्ता, त्या म्हणाल्या,
पानं असली की सगळे पानांकडंच बघतात.

शिरीषाला डोळे लागत नाहीत.
वाळक्या शेंगा वाऱ्यावर खडखडतात,
आमच्या गल्लीतले माग भंगारात जायच्या आधी
रात्रपाळीला वाजायचे तशा.
मोईच्या फांद्या जाड, बोथट, टोकं खुडल्यासारखी.
पळसाचं खोड दोन हातसुद्धा सरळ जात नाही.
आणि पान गळतं तिथं काडीवर एक खूण राहते,
बाईंनी भिंगातून दाखवली,
देवीच्या व्रणाएवढी.

लिंब तेवढा मी झटकन ओळखला.
त्याला पानं होतीच अजून.
सगळे हसले, मीपण.
तुमच्यात काय म्हणता ह्याला?
वेप, म्हटलं.
आमच्यात बेवु, म्हणाल्या.

मग कुंपणाजवळचं एक काळं खोड.
साल चौकोन चौकोन फुटलेली,
उन्हाळ्यात हिप्परग्याचा तळ फुटतो तशी.
हे सांगा, राजव्वा.
हात फिरवला, नख लावलं.
येईना.

टेंभुर्णी, बाई म्हणाल्या.

नऊ वर्षांची होते तेव्हापासून
पत्र्याच्या मापावर ह्याचंच पान कापत आले.
मांडीवर सूप, दिवसाला हजार विड्या.
अंधारात सांगेन कुठलं पान वळताना तडकणार,
कुठली विडी कारखान्यात छाटात जाणार.
आई तुनिकाकु म्हणायची.
टेंभुर्णी म्हणजे मला एसटीची पाटी.
पान पोत्यातून यायचं, मोजून, ओलं करून ठेवायचं.
त्याच्यामागं झाड असेल
असं कधी मनातच आलं नाही.

पुढचे सगळे करंजाखाली पोचले होते.
मी तिथंच. काय बोलावं त्याला?
पन्नास वर्षांची ओळख,
आणि तोंड आज बघितलं.

वैशाखात या, बाईंनी लांबून सांगितलं,
कोवळी पालवी तांबूस असते.
तांबूस.
मला हिरवं माहीत होतं, आणि वाळकं.

घरी आले तर सुनेनं सूप मांडून ठेवलेलं.
एक पान उचललं, दाराच्या उजेडात धरलं,
देठाचं टोक बघत राहिले,
कुठून तुटलंय ते.
खराब आहे का, तिनं विचारलं.
नाही, म्हटलं,
आणि मापावर ठेवून कापलं.