अठरा अंश

एकतीस वर्षं तेलाचे बॉयलर बसवले मी,
बेथेस्दाच्या वर, खाणीच्या उतारावरच्या घरांत.
भिंतीवर थाप मारायची,
बाईंना विचारायचं, थंडी वाजते का?
वाजते म्हणाल्या की एक नंबर मोठा.
अंदाजपंचे दाहोदरसे.
कुणी गारठून मेलं नाही.

आता चौपन्नाव्या वर्षी
बँगोरच्या कॉलेजात मागचा बाक.
शेजारी माक्सेन नावाचा पोरगा,
न बघता कॅलक्युलेटरची बटणं दाबणारा.
मी चष्मा शोधतो. तो माझ्या डोक्यावर.

शिकवणारी मेरेरिद म्हणाली,
पंप उष्णता तयार करत नाही, हलवतो.
बाहेरच्या गारठ्यातही ऊब असते थोडी थोडी,
ती गोळा करून आत आणायची.
मी मान डोलावली. पटलं काही नाही.
जानेवारीत छपरावर बसून
ज्याने धुराडं दुरुस्त केलंय
त्याला सांगावं हे?

मग हिशेब, खोलीगणिक.
भिंत किती जाड, काच एक की दोन,
दाराखालून वारा किती शिरतो,
बाहेर उणे तीन धरायचं,
आत किती हवं ते मांडायचं,
आणि घर किती गळतं ते काढायचं.
पहिल्या परीक्षेत नापास झालो. पोटमाळा विसरलो.
"आपलाही विसरलास," एलुनेद म्हणाली,
"अकरा वर्षं लोकरीचे गठ्ठे जिन्याखाली पडलेत."
त्या रविवारी माळ्यावर चढलो,
गुडघे सोलून घेतले,
दुसऱ्या वेळी पास झालो.

पण कागद हाती यायला एक खरं घर लागतं,
खरं काम, आणि ते तपासायला येणारा माणूस.

मिसेस प्रिदर्क हो म्हणाल्या.
त्यांचा बॉयलर मीच बसवलेला, शहाण्णव साली.
तो सोडवून काढला तर पत्र्याच्या आतल्या बाजूला
माझंच अक्षर, पेन्सिलीचं:
तारीख, आणि एक फोन नंबर
जो आता कुणाचाच नाही.

त्याआधी मोजमाप. बैठक एकवीस अंश.
न्हाणीघर बावीस.
मागच्या खोलीचं दार बंद.
"ती राहू दे," त्या म्हणाल्या.
"तिथला रेडिएटर मी बंद केलाय. दोन हिवाळे झाले."

तक्त्यात रकाना मोकळा सोडता येत नाही.
मी दाराबाहेर उभा, हातात फीत.
सांत्वन मला कधी जमलं नाही,
जे शिकलो होतो तेच सांगितलं:
बंद खोली शेजारच्या खोलीतली ऊब ओढते.
भिंतीतून. रात्रंदिवस.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग खांद्याने दार ढकललं, ते फुगलं होतं.
पलंगावर इदवालचा ब्रास बँडचा कोट,
पितळी गुंड्या काळवंडलेल्या,
बाहीवर बुरशीचे ठिपके, खिडकीवर होते तसलेच.
त्या बाही झटकत राहिल्या.
मी फीत लावली. तीन दहा. दोन ऐंशी.
"झोपायच्या खोलीला अठरा असतात," मी म्हणालो.
"नियमाने?"
"नियमाने."
"मग लिही."

तपासनीस आला फेब्रुवारीत, गारा पडत होत्या.
पाण्याचा दाब बघितला, पाईपांवरचं आवरण चिमटून बघितलं,
शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभा राहून पंपाचा आवाज ऐकला.
मग तापमापक घेऊन खोल्या.
मागच्या खोलीत साडेसतरा.
"इथलं दार उघडं राहतं का?" त्याने विचारलं.
मी तोंड उघडायच्या आत
स्वयंपाकघरातून मिसेस प्रिदर्क म्हणाल्या,
"हो. आता राहतं."
त्याने मान हलवली, खूण केली.
अर्धा अंश चालतो.

प्रमाणपत्र पोस्टाने आलं, कोपरा ओला.
एलुनेदने ते सुकायला
आमच्या रेडिएटरवर ठेवलं.
तो कोमट होता.
पूर्वी मी त्याला बिघाड म्हटलं असतं.